कैवारी गप्प असतो तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. थोडक्यात तो असा. तुमच्या यजमानांवर कामाच्या ठिकाणी पैशांच्या अफरातफरीचा खोटा आळ आला, त्याला दोन वर्षे झाली आणि चौकशी अजून रखडलेलीच आहे. त्यातच तुमचे आजारपण निघाले. चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने सांगितले की घरात कुठेतरी लपलेले पाप असेल, ते शोधा. आणि तुम्ही विचारता, ‘स्वर्गात आपला कैवारी आहे, असे लहानपणापासून ऐकत आले. मग तो आमच्या बाजूने एक शब्दही का बोलत नाही? मी नेमका कशावर भरवसा ठेवू?’

पाळक म्हणून आजाऱ्यांच्या उशाशी आणि मयताच्या घरी बसण्यात माझी तीस वर्षे गेली. हा प्रश्न मला निरनिराळ्या तोंडून ऐकू आला आहे. बहुतेक जण तो फार हळू आवाजात विचारतात, जणू विचारणे हाच गुन्हा आहे. तो गुन्हा नाही.

आधी त्या लपलेल्या पापाचे बघू, कारण आजारापेक्षाही त्या वाक्याने तुम्हाला जास्त पोखरले आहे असे तुमच्या लिहिण्यातून दिसते. जुन्या करारातल्या निर्दोष, पण सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र हेच म्हणत होते. दुःख आले म्हणजे अपराध असणारच. कबूल कर, म्हणजे सुटशील. त्यांची भाषणे ऐकायला धार्मिक आहेत, त्यातली काही वाक्ये सुटी काढून उपदेशात वापरली तरी कोणाला खटकणार नाहीत. पण पुस्तकाच्या शेवटी, 42 व्या अध्यायात, देव अलीफजाला सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग पेटला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू मांडतो म्हणणारे चुकले, आणि देवाशी भांडणारा योग्य ठरला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही नाकारतो. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नसेलही, पण त्यांचे बोलणे शास्त्राला धरून नाही. ते मनातून काढून टाका.

त्या तिघांच्या बाजूने एकच गोष्ट सांगतो. तोंड उघडण्याआधी ते सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्याचे दुःख इतके मोठे आहे हे पाहून एक शब्द बोलले नाहीत. तेवढेच करून ते घरी गेले असते तर किती बरे झाले असते, असे मला दर वेळी वाटते. मी तरुण असताना एका बापाला, त्याच्या मुलाला पुरल्याच्या तिसऱ्याच दिवशी, यात देवाची काही योजना असेल असे म्हणालो होतो. त्याने माझ्याकडे बघितले आणि उठून आत निघून गेला. ते बघणे मी विसरलेलो नाही.

आता कैवाऱ्याविषयी. ईयोबाचे पुस्तक सलग वाचा म्हणून मी सांगत नाही. तुमच्या सध्याच्या अवस्थेत 42 अध्याय झेपणार नाहीत. तीनच जागा बघा. 9 व्या अध्यायात तो म्हणतो की देवाच्या आणि माझ्यामध्ये कोणी मध्यस्थ नाही, आम्हा दोघांवर हात ठेवील असा कोणीच नाही. इथे त्याच्याकडे काहीच नाही. 16 व्या अध्यायात अचानक, कुठल्याही कारणाशिवाय, तो म्हणतो की माझा साक्षी स्वर्गात आहे, माझी बाजू घेणारा वर उंचावर आहे. आणि 19 व्या अध्यायात, मला ठाऊक आहे की माझा उद्धारक जिवंत आहे.

उपदेशक या तिन्ही जागा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या लावतात: आधी अंधार, मग थोडा उजेड, मग लख्ख प्रकाश. मीही पूर्वी तसेच शिकवत असे. पण मधले अध्याय वाचले की तो जिना मोडतो. साक्षी स्वर्गात आहे म्हटल्यानंतर लगेच, 17 व्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, ईयोब म्हणतो की माझा आत्मा खचला आहे, कबर माझी वाट बघते आहे. उद्धारक जिवंत आहे म्हणून झाल्यावर 23 व्या अध्यायात तो पुन्हा म्हणतो, देव कुठे सापडेल हे कळले असते तर! म्हणजे भरवसा एकदा आला आणि कायमचा राहिला, असे त्याच्या बाबतीत झाले नाही. तो आला, गेला, परत आला. सकाळी गीत म्हणता येते आणि रात्री सगळे खोटे वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यासाठी स्वतःला दांभिक म्हणू नका. शास्त्रातला सर्वांत मोठा दुःखी माणूस असाच होता.

16 व्या अध्यायात ती ओळ ज्या ठिकाणी येते तेही बघा. तिच्या आधी ईयोब पृथ्वीला सांगतो की माझे रक्त झाकू नकोस. हे भाऊ काइनाने मारलेल्या हाबेलाच्या रक्ताचे स्मरण आहे. उत्पत्तीच्या 4 थ्या अध्यायात त्याचे रक्त जमिनीतून देवाकडे ओरडते. ईयोबाला वाटते आहे की आपण न्याय न मिळताच मरणार. तेव्हा निदान कोणीतरी पाहिलेले असावे, कोणीतरी साक्ष द्यावी, एवढेच तो धरून बसतो. पुढच्या ओळीत मित्र त्याची थट्टा करतात आणि त्याचे डोळे देवापुढे पाझरतात. सुटका व्हावी याहीपेक्षा खरे काय ते कोणाला तरी माहीत असावे, याची त्याला भूक आहे. तुमच्या यजमानांचेही मला तसेच वाटते. नोकरी परत मिळण्याआधी त्यांना हे हवे असेल की मी चोर नाही हे कोणीतरी ठामपणे म्हणावे.

त्या काळच्या न्यायाची रीत माहीत असली की हे अधिक कळते. प्राचीन इस्राएलात खटला गावाच्या वेशीत, वडीलजनांसमोर चाले. आजच्यासारखा फी घेऊन बाजू मांडणारा वकील नसे. तुमच्या बाजूने जो साक्षीदार उभा राही तोच तुमचा वकील. जागाही ठरलेली, उजवीकडची. 109 व्या स्तोत्रात दोषारोप करणारा उजव्या हाताला उभा आहे, आणि त्याच स्तोत्राच्या शेवटी परमेश्वर दीनाच्या उजव्या हाताला उभा राहतो. जखऱ्याच्या 3 ऱ्या अध्यायात मुख्य याजक यहोशवा मळक्या वस्त्रांनी उभा आहे आणि त्याच्या उजवीकडे सैतान. सैतान या हिब्रू शब्दाचा अर्थच विरोधी, आरोप करणारा असा. तिथे यहोशवा स्वतः एक अक्षर बोलत नाही. परमेश्वरच आरोप करणाऱ्याला धमकावतो आणि मळकी वस्त्रे उतरवायला लावतो.

ईयोब ज्याला उद्धारक म्हणतो त्यासाठी हिब्रूत ‘गोएल’ हा शब्द आहे. गोएल म्हणजे जवळचा नातलग, ज्याच्यावर घराण्याची जबाबदारी येते: गहाण गेलेली जमीन सोडवणे, गुलामीत विकल्या गेलेल्याला परत आणणे. रूथच्या गोष्टीतला बवाज तो हाच. नीतिसूत्रांच्या 23 व्या अध्यायात पोरक्यांच्या शेतात शिरू नकोस, त्यांचा कैवार घेणारा बलवान आहे, अशी जी ताकीद आहे, तिथेही हाच शब्द. नातलग म्हटले की त्यात परकेपणा उरत नाही. तो तुमच्यावर उपकार करत नाही, तुम्ही त्याच्या घरचे आहात म्हणून उभा राहतो.

ईयोबाचा हा साक्षी कोण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते तो देवच, काहींच्या मते देवाच्या दरबारातली दुसरी कोणी स्वर्गीय व्यक्ती. ख्रिस्ती परंपरेने त्यात ख्रिस्ताला ओळखले, आणि मीही तेच मानतो. पण ईयोबाच्या जागी उभे राहून बघितले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. तो देवाविरुद्ध देवाकडेच दाद मागतो आहे. आपल्याला मारणारा हात देवाचा आहे असे त्याला वाटते, तरीही वाचवणारा दुसरीकडे कुठे असेल असे त्याच्या मनात येत नाही. देवावर रागावूनही त्याच्याच दाराशी बसून राहणे, भरवशाचे हे रूप मी खूप जणांत पाहिले आहे. त्यांना स्वतःला तो भरवसा वाटत नाही. त्यांना वाटते आपला विश्वास उडाला.

नव्या करारात हे सगळे एका शब्दात येते. ग्रीकमध्ये तो ‘पाराक्लेतोस’, हाक मारल्यावर मदतीला जवळ येणारा. आपल्या मराठी पवित्र शास्त्राने त्यासाठी ‘कैवारी’ घेतला, आणि मला तो फार आवडतो. आपण कैवार कोणाचा घेतो? ज्याच्यावर सगळे तुटून पडले आहेत त्याचा. योहानाच्या पहिल्या पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात येशू ख्रिस्त पित्याजवळ आपला कैवारी आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात येशू पवित्र आत्म्याला ‘दुसरा कैवारी’ म्हणतो. एक पित्याजवळ, दुसरा तुमच्याजवळ. रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात दोघेही एकाच प्रकरणात भेटतात: ख्रिस्त देवाच्या उजवीकडे आपल्यासाठी मध्यस्थी करतो, आणि आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो. औषधोपचारांनंतरच्या दिवसांत प्रार्थनेचे शब्दच सुचत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. त्या दिवसांत तुमची प्रार्थना बंद पडलेली नसते. ती दुसरा कोणी करत असतो.

इथे एक गोष्ट सहज निसटते. ईयोब म्हणतो मी निर्दोष आहे, म्हणून मला साक्षी हवा. योहान म्हणतो, जर कोणी पाप केले तर आपल्याला कैवारी आहे. म्हणजे या कैवाऱ्याची गरज निर्दोष माणसालाही आहे आणि दोषी माणसालाही, आणि तो दोघांचाही आहे. अफरातफरीच्या आरोपात तुमचे यजमान निर्दोष आहेत. तिथे तो साक्षी आहे. पण दोन वर्षांच्या या ताणात घरात शब्दाने शब्द वाढला असेल, मनात कडवटपणा साठला असेल, कोणाचे वाईट व्हावे असेही वाटून गेले असेल. तिथेही तो उठून जात नाही. म्हणून तर लपलेल्या पापाची ती भीती तुमच्यावर चालू नये. पाप सापडलेच तर ते त्याच्याकडे न्यायचे. ते सापडल्यावर कैवारी जाईल आणि शिक्षा देणारा येईल, असे होत नाही.

आणि पिता रागावलेला, पुत्र मात्र दयाळू, तो पित्याची कशीबशी समजूत काढतो, असे चित्र मनात असेल तर तेही पुसून टाका. पुष्कळ भाविकांच्या मनात ते असते, आणि दुःखात ते फार छळते. त्याच रोमकरांस पत्रात लिहिले आहे की नीतिमान ठरवणारा देव स्वतः आहे, आणि त्याने आपल्या पुत्रालाही राखून ठेवले नाही. कैवारी पाठवणारा आणि न्यायासनावर बसलेला, दोघे एकाच बाजूला आहेत.

मग तो थांबवत का नाही? खरा प्रश्न इथेच आहे, आणि मी तो टाळणार नाही. लूकच्या 22 व्या अध्यायात येशू पेत्राला म्हणतो की सैतानाने तुम्हाला गव्हासारखे चाळायला मागितले आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. चाळणे रद्द व्हावे अशी ती विनंती नव्हती. त्याच रात्री पेत्राने तीनदा त्याला नाकारले. तरी विनंती वाया गेली नाही, कारण तो बाहेर जाऊन रडला आणि परत आला. विश्वासासाठी धोंडमार होऊन मेलेल्या स्तेफनाचे तर अधिकच कठीण. प्रेषितांच्या कृत्यांच्या 7 व्या अध्यायात तो वर बघतो आणि त्याला येशू देवाच्या उजवीकडे उभा असलेला दिसतो. इतर ठिकाणी ख्रिस्त उजवीकडे बसला आहे असे येते. इथे तो उभा आहे. हा साक्ष देणाऱ्याचा उभेपणा आहे असे पुष्कळांनी वाचले आहे, मलाही ते पटते. पण कैवारी उभा राहिला म्हणून धोंडे थांबले नाहीत. स्तेफन मेला. त्याला जे मिळाले ते हे, की खालच्या सभेने दिलेला निकाल वरच्या सभेचा निकाल नव्हता, आणि मरताना त्याला ते दिसत होते.

दुःख हा देवाने तुमच्याविरुद्ध दिलेला निकाल नाही. कैवाऱ्यावर भरवसा ठेवणे म्हणजे मला तरी हेच वाटते: तो निकाल आहे असे मानायला नकार देणे, पुरावा दिसत नसतानाही. दुःख लवकर संपेल असे वचन त्यात नाही. तसे वचन मी तुम्हाला दिले तर मी ईयोबाच्या मित्रांत जमा होईन.

तुम्ही दोन वर्षे म्हणालात आणि मला प्रेषित पौलाची दोन वर्षे आठवली. यरुशलेमेत त्याला पकडले त्यानंतर एका रात्री प्रभू त्याच्याजवळ उभा राहिला आणि धीर धर म्हणाला, तुला रोमातही साक्ष द्यायची आहे. हे प्रेषितांच्या कृत्यांच्या 23 व्या अध्यायात. नंतर त्याला कैसरियाला नेले आणि तिथे सुभेदार फेलिक्साने त्याला दोन वर्षे बंदीत ठेवले. दोष सिद्ध झाला नव्हता. लाच मिळेल या आशेने तो त्याला अधूनमधून बोलावून घेई, असे लूकने स्पष्ट लिहिले आहे. त्या दोन वर्षांत दुसरा दृष्टांत झाल्याची नोंद नाही. एका रात्रीचा शब्द, आणि मग दोन वर्षे फायली हलत नाहीत अशी अवस्था. फेलिक्साच्या जागी फेस्त आला तेव्हा पौलाने काय केले? त्याने कैसराकडे दाद मागितली. त्याआधी फटके मारायला बांधत असताना आपण रोमी नागरिक आहोत हेही त्याने सांगितले होते.

म्हणून, ताई, वकिलाचा सल्ला घेणे, कागदपत्रे जमवणे, चौकशी लवकर व्हावी म्हणून लेखी अर्ज करणे, यात विश्वासाचा कमीपणा नाही. प्रभूवर सोडले आहे म्हणून हात बांधून बसा, असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. उपचारांचेही तेच. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला घरातच मारहाण सोसावी लागत असेल, तर कैवारी स्वर्गात आहे म्हणून सहन करत राहा असा याचा अर्थ मुळीच नाही. तिथून बाहेर पडा, मदत मागा.

रात्रीविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली, पण मला ती महत्त्वाची वाटली: झोप लागत नाही आणि मनात सगळी उत्तरे तयार होत राहतात. कोणाला काय म्हणायला हवे होते, साहेबांना काय लिहायला हवे, त्या वडीलधाऱ्यांना काय सुनवायला हवे. खोटा आळ आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या डोक्यात हा खटला रात्रभर चालतो. प्रकटीकरणाच्या 12 व्या अध्यायात आरोप करणारा रात्रंदिवस आरोप करतो असे म्हटले आहे, ते मला अशा रात्री अगदी शब्दशः खरे वाटते. तिथे तुम्ही आरोपी, वकील, साक्षीदार सगळे एकट्याच होता. पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिले आहे की येशूची निंदा होत असता त्याने उलट निंदा केली नाही, तर यथार्थ न्याय करणाऱ्याकडे स्वतःला सोपवून दिले. मी लोकांना सांगतो की ती सुनावणी सुरू झाली की तिच्याशी वाद घालू नका, उठून बसा आणि मोठ्याने म्हणा, माझा साक्षी स्वर्गात आहे. एकदा म्हणून शांत वाटत नाही. दहादा म्हणावे लागते, दुसऱ्या रात्री पुन्हा. एक बाई शेवटच्या आजारात रोज माझ्याकडून एवढीच अर्धी ओळ वाचून घेत. बाकी काही वाचू नका म्हणत.

तक्रारही करा. चांगल्या शब्दांत नाही आली तरी चालेल. 88 वे स्तोत्र अंधारातच संपते. शेवटी स्तुती नाही, आशेचा किरण नाही, तरी ते स्तोत्रसंग्रहात आहे आणि शतकानुशतके देवापुढे म्हटले गेले आहे. ईयोबाला 38 व्या अध्यायात देव बोलला तेव्हाही कारण मिळाले नाही. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडले हे वाचकाला कळते, ईयोबाला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. त्याची गुरेढोरे दुप्पट झाली. मुले मात्र आधी सात मुलगे आणि तीन मुली होत्या, नंतरही तितकीच. गेलेल्या दहांची भरपाई झाली असे त्यात कुठे म्हटलेले नाही, आणि तसे म्हणू नये. पण देव त्याच्याशी बोलला, आणि मित्रांसमोर त्याला चारदा ‘माझा सेवक’ म्हणाला. तो ज्या साक्षीची वाट बघत होता ती मिळाली.

सर्वांदेखत. मित्रांना तर त्याच्याकडे जाऊन आपल्यासाठी प्रार्थना करून घ्यावी लागली. ज्याला कैवारी नव्हता त्याला देवाने दुसऱ्यांचा कैवारी केले. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांसाठी आज प्रार्थना करा असे मी तुम्हाला सांगणार नाही. ईयोबालाही ते शेवटी जमले, मधल्या अध्यायांत नाही.

तुमच्या मंडळीच्या पाळकांना एक गोष्ट मात्र जरूर सांगा, किंवा माझे हे उत्तर त्यांना वाचायला द्या. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिले की माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूला कोणी उभे राहिले नाही, सगळे सोडून गेले. प्रभू मात्र उभा राहिला. ते वाक्य वाचताना मला प्रभूचे कौतुक वाटते आणि मंडळीची लाज वाटते. पुढच्या सुनावणीला तुमच्या यजमानांबरोबर मंडळीतल्या दोघातिघांनी जावे. आत जाऊ देणार नाहीत कदाचित. बाहेरच्या बाकावर बसले तरी चालेल. आणि त्या दिवशी तुमच्या उपचारांची तारीख असेल तर तुमच्याबरोबरही कोणीतरी असावे.